सामाईक पेठ आणि दूधकेंद्रावरील काटा

परराष्ट्रांशी व्यापाराचा करार झाला की सरकारी निवेदनात अलीकडे एक वाक्य हमखास असते: दुग्धव्यवसाय ह्या करारातून वगळण्यात आला आहे. २ एप्रिल २०२२ रोजी ऑस्ट्रेलियाशी करार झाला तेव्हा ते होते. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारावर सह्या पडल्या तेव्हाही होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूझीलंडशी चाललेली बोलणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. ज्या देशाचे नाव घेताच लोणी आठवावे, त्याच्याशी ठरलेल्या करारातही लोण्याला जागा मिळाली नाही. ह्या धोरणाचे आम्ही स्वागत करतो, आणि ते हातचे राखून करीत नाही. परंतु ह्या एका वाक्याने दिल्लीत जे समाधान पसरते, ते माळशिरस तालुक्यातील अकलूजच्या दूधकेंद्रापर्यंत का पोहोचत नाही, ह्याचा विचार व्हावयास हवा. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सामाईक बाजारपेठ वेशीबाहेर थोपवून धरली म्हणून ती आलीच नाही असे नव्हे. देशातल्या देशात ती केव्हाच आली. तिच्या पाठोपाठ तिचा नियमही आला. तो नियम अंगवळणी पडेपर्यंत दुबळ्या उत्पादकाला जी मुदत, जो पैसा आणि जे संरक्षण मिळावयास हवे होते, ते मात्र कोणी दिले नाही.

वेशीबाहेरच्या बाजाराविषयी प्रथम दोन शब्द. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने आशियातील त्या मोठ्या व्यापारी भागीदारीतून अंग काढून घेतले. उरलेल्या पंधरा राष्ट्रांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी करार केला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो अमलातही आणला. त्या वेळी अनेक पंडितांनी भारताच्या भित्रेपणाबद्दल हळहळ व्यक्त केली. आम्हांस ती हळहळ पटली नव्हती. न्यूझीलंडची लोकसंख्या आपल्या पुणे शहराहून फारशी अधिक नाही, आणि तेथे निघणाऱ्या दुधापैकी सुमारे ९५ टक्के दूध ह्या ना त्या रूपाने परदेशी जाते. भारतात २०२३-२४ साली २३ कोटी ९३ लाख टन दूध निघाले. जगात कोठेही इतके निघत नाही. आणि ते जवळजवळ सारे येथेच प्यायले जाते. तेथे दूध हा निर्यातीचा माल आहे. येथे ती कोट्यवधी घरांची रोजची मिळकत आहे. दोहोंना एका तागडीत घालण्यात मोकळ्या व्यापाराचा विजय असेल, शहाणपणाचा खचित नाही.

शिवाय ह्या बाबतीत आपले तोंड एकदा दुधाने पोळलेले आहे. जुन्या गॅट करारांत दूधभुकटीवर शून्य जकातीची बांधीलकी आपण पत्करून बसलो होतो. आयातीवरील संख्यात्मक निर्बंध होते तोवर ती बांधीलकी कागदावर निजून राहिली. निर्बंध उठण्याची वेळ आली, आणि युरोपातील अनुदानित भुकटी दारात उभी राहील हे ध्यानात आले, तेव्हा १९९९-२००० च्या सुमारास पुन्हा वाटाघाटी कराव्या लागल्या. दहा हजार टनांपर्यंत १५ टक्के आणि त्यापुढे ६० टक्के अशी जकात तेव्हा पदरात पाडून घेतली. एका शून्याची किंमत त्या दिवसांत दिल्लीला कळली. अकलूजच्या शेतकऱ्याला ज्या आकड्यांची किंमत मोजावी लागते ते शून्याहून मोठे असले तरी दशांशाच्या घरातले आहेत, म्हणून ते राजधानीतून दिसत नाहीत.

ते आकडे असे. गाईच्या दुधात स्निग्धांश किती असावा आणि स्निग्धेतर घनपदार्थ किती असावेत, ज्यांना केंद्रावर सारेजण फॅट आणि एसएनएफ म्हणतात, ह्याचा कायदा आपल्याकडे पूर्वी प्रांतोप्रांती निराळा होता. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या १९५५ च्या नियमांनुसार पंजाब-हरियाणात गाईच्या दुधात ४ टक्के स्निग्धांश लागे, ओरिसात ३ टक्के पुरे, आणि महाराष्ट्रात ३.५ टक्के. पंजाबच्या गाईहून ओरिसाची गाय वेगळी, तिचा चारा वेगळा, हे त्या नियमांनी निमूट मान्य केले होते. पुढे १९९२ साली केंद्र सरकारने दूध व दुग्धपदार्थ आदेश काढला आणि प्रत्येक मोठ्या दूधप्रकल्पाला त्याचे दूधक्षेत्र नेमून दिले. आपल्या क्षेत्राबाहेर जाऊन दूध गोळा करण्याला तेवढा आळा बसला. २००२ च्या मार्चमध्ये ती क्षेत्राची अट उठली. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ पासून अमलात आला आणि प्रांतांचे नियम एका केंद्रीय प्राधिकरणाच्या हाती गेले. २०१७ साली त्या प्राधिकरणाने साऱ्या देशासाठी गाईच्या दुधाचे एकच मान ठरविले: स्निग्धांश किमान ३.२, घनपदार्थ किमान ८.३. दुधाच्या गाड्या प्रांताच्या सीमा ओलांडून धावू लागल्या, गुजरातेतील सहकारी दूध मुंबई-पुण्याच्या दारात आले, आणि महाराष्ट्रातील दूध इतरांच्या पिशव्यांत जाऊ लागले. सामाईक बाजार म्हणतात तो हाच. त्याला कोणी ते नाव दिले नाही आणि त्याचा करारही कोठे झाला नाही, एवढेच.

आता अकलूजकडे वळू. नीरेच्या काठचे हे गाव. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील ह्यांच्या काळापासून सहकाराचे गाव म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो. २०२१ साली तेथे नगरपरिषद आली. कालव्याखालच्या शेतात ऊस, बांधावर गोठा, गोठ्यात काळ्या-पांढऱ्या संकरित गाई, आणि सकाळ-संध्याकाळ दूधकेंद्राच्या दारात दुचाकीला लटकावलेल्या किटल्या, असा तेथील दिनक्रम आहे. गावाच्या नावाशी जोडलेला 'शिवामृत' हा सहकारी दूधसंघ आहे; खाजगी प्रकल्पांचीही संकलनकेंद्रे परिसरात आहेत. उसाचे बिल वर्षातून दोनतीनदा येते, दुधाचे दर दहा दिवसांनी. किराणा, मुलांची फी, दवाखाना, हे सारे त्या दहा दिवसांच्या चिठ्ठीवर चालते. ज्या आमच्या वाचकांचा पगार महिन्याच्या पहिल्या तारखेस बँकेत जमा होतो, त्यांनी अशी कल्पना करून पाहावी की, दर दहा दिवसांनी एक यंत्र त्यांच्या कामाची 'प्रत' मोजते आणि त्याप्रमाणे पगार कमी-अधिक होतो. यंत्र मालकाचे, आणि त्यावर दाद मागण्याची सोय नाही.

२०२३ च्या जुलैत राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरला किमान ३४ रुपये भाव ठरविला. शहरात ती बातमी तेवढीच वाचली गेली. मूळ निर्णयात तो भाव ३.५ स्निग्धांश आणि ८.५ घनपदार्थ ह्या प्रतीच्या दुधासाठी होता. तो भावही टिकला नाही. २०२४ च्या जानेवारीत सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले, प्रकल्पांनी ३.५/८.५ च्या दुधास किमान २७ रुपये द्यावेत आणि प्रत एका पॉइंटाने उतरली तर तीस पैसे कापावेत, चढली तर तीस पैसे वाढवावेत, असे ठरले. जुलैत आधारभाव ३० रुपये आणि अनुदान पाच, ऑक्टोबरात भाव २८ आणि अनुदान सात, असे पुढे होत गेले.

येथे आमच्या जुन्या पेशाची सवय उफाळून येते आणि फळ्यावर हिशेब मांडावासा वाटतो. शाळेत आम्ही दुधात पाणी मिसळणाऱ्या गवळ्याची गणिते मुलांकडून घोकून सोडवून घेत असू. त्यांत लबाड नेहमी गवळीच असे आणि माप नेहमी खरे असे. आता हे गणित पाहा. एक पॉइंट म्हणजे एक दशांश. केंद्रीय कायदा ज्याला निर्दोष गाईचे दूध म्हणतो ते ३.२/८.३ चे. महाराष्ट्रात भाव बोलला जातो तो ३.५/८.५ चा. दोहोंत स्निग्धांशाचे तीन आणि घनपदार्थांचे दोन असे पाच पॉइंट. तीस पैशांप्रमाणे दीड रुपया. म्हणजे राष्ट्राच्या नियमास पूर्णपणे उतरणारे दूध घेऊन आलेल्या माणसास २७ ऐवजी साडेपंचवीस रुपये. वीस लिटर दूध घालणाऱ्याचे दिवसाला तीस रुपये आणि महिन्याचे नऊशे. आणि हा झाला सरकारने आखून दिलेला, अनुदानाच्या मुदतीपुरता सौम्य तक्ता. एरवी काही खाजगी तक्त्यांत घनपदार्थाच्या एका पॉइंटास रुपया-रुपया कापला जातो, आणि वर चढलेल्या पॉइंटास त्या मानाने किरकोळ काही मिळते, अशी उत्पादकांची जुनी तक्रार आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल की, पायाचा आकडा कोणताही धरला तरी हिशेब अखेर तोच येतो. त्याचे म्हणणे खरे ठरले असते, जर उतरणीचा आणि चढणीचा उतार सारखा असता, तक्ता सर्वांचा एक असता, आणि यंत्र निःपक्षपाती असते. ह्यांपैकी एकही गोष्ट आज कायद्याने बांधलेली नाही. काट्याचा प्रश्न तर त्याहून साधा आहे. किराणा दुकानातील तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का नसेल तर दुकानदारास दंड होतो. दूधकेंद्रावर लिटर मोजणारा काटा त्या कायद्यात बसतो. पण त्या लिटराचा भाव ठरविणारे जे यंत्र, ज्याला मिल्कोमीटर म्हणतात, त्याची ठराविक काळाने तटस्थ तपासणी व्हावी एवढ्यासाठी उत्पादकांच्या संघटनांना वर्षानुवर्षे अर्ज-मोर्चे करावे लागले आहेत. वजनात दहा ग्रॅम मारले तर गुन्हा, प्रतीत दोन दशांश मारले तर व्यवहार!

आणि प्रत उतरते ती का? आपल्या वाचकांची अशी समजूत असते की पातळ दूध म्हणजे पाणी घातलेले दूध. माळशिरस-पंढरपूरच्या टापूत पूर्वी जी जनावरे होती, ती खिल्लार गाय आणि लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस, ती दूध थोडे देत. म्हशीच्या दुधात स्निग्धांश मात्र सातच्या वर जाई. मग दूध वाढविण्याचे धोरण आले. १९६७ साली उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी जे काम उभारले त्यातून आणि सरकारी पशुसंवर्धनातून विदेशी रक्ताच्या गाई घरोघरी पोहोचल्या. त्या कामाचे मोल आम्ही कमी करीत नाही. एका गाईवर घर चालू शकते हे दुष्काळी तालुक्यांनी त्यामुळे पाहिले. परंतु होल्स्टीन रक्ताची गाय दूध पुष्कळ देते आणि ते पातळच असते. तिला थंड हवा हवी असते. सोलापूर जिल्ह्याच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ती धापा टाकते आणि चारा टाकते. त्या दिवसांत कडबा महाग होतो, हिरवे मिळत नाही. गळीत हंगामात तर उसाच्या वाढ्यावरच जनावरे काढावी लागतात. पोटात तंतुमय चारा कमी गेला की स्निग्धांश उतरतो. उन्हाने घनपदार्थही उतरतात. म्हणजे गाय सरकारच्या प्रोत्साहनाने घेतलेली, कर्ज बँकेचे, ऊन परमेश्वराचे, आणि कपात तेवढी शेतकऱ्याची. अशा वेळी दूध ३.२/८.३ च्याही खाली गेले, तर त्याला कायद्याने गाईचे दूध म्हणता येत नाही. मग केंद्रावर ते नाकारावयाचे की पडत्या भावाने घ्यावयाचे, हे घेणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्या घरोघरी माहीत आहे. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरण्याचा पण केला, गावातले सारे दूध देवळात आणण्याचा हुकूम सोडला, वासरे-पोरे भुकेली राहिली, आणि गाभारा काही भरला नाही. तो भरला एका म्हातारीच्या खुलभर दुधाने, कारण तिने आधी घरातल्या मुलांना आणि गाईवासरांना पाजले होते. राजाचा हेतू वाईट होता असे कहाणी म्हणत नाही. त्याने हुकूम काढण्यापूर्वी गोठ्यात डोकावले नाही, एवढाच त्याचा दोष होता.

ज्यांनी खरोखरच राष्ट्राराष्ट्रांचा मिळून दुधाचा एक बाजार केला, त्यांनी गोठ्यात डोकावले होते काय? युरोपचा अनुभव ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे, आणि तो सर्वस्वी अनुकरणीय आहे असे आमचे म्हणणे नाही. १९५७ च्या रोमच्या तहानंतर १९६८ साली सहा राष्ट्रांनी दुधाची सामाईक व्यवस्था केली. हमीभाव इतका उदार ठेवला की लोण्याचे आणि भुकटीचे डोंगर साचले. ते खाली आणण्यासाठी १९८४ साली प्रत्येक देशाला दुधाचा वाटा ठरवून द्यावा लागला, आणि तो ३१ मार्च २०१५ पर्यंत चालला. त्या डोंगरांचा काही भाग आपल्याकडेही आला आहे. १९७० साली सुरू झालेल्या दूधमहापुराच्या योजनेत जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत मिळालेली १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल युरोपच्याच शिलकेतले होते. डॉ. कुरियन ह्यांची थोरवी ही की, त्यांनी ती भेट फुकट वाटू दिली नाही. देशातील दुधाचा भाव पडणार नाही अशा बेताने त्यांनी ती विकली आणि तो पैसा आणंदच्या धर्तीवरील सहकारी संस्थांत घातला. तेच दूध बेहिशेबी बाजारात सोडले असते तर येथील शेतकरी बुडाला असता. बाहेरचा माल आत घेतानाही आपला उत्पादक कसा राखावा, ह्याचा धडा आपल्याच घरात असा लिहून ठेवलेला आहे.

तथापि युरोपने एक गोष्ट नेमाने केली. नवा देश बाजारात आला की त्याच्या जुन्या नियमाला मुदत दिली. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन आत गेला तेव्हा बाहेर राहिलेल्या न्यूझीलंडच्या लोण्या-चीजसाठीसुद्धा पाच वर्षांचा, दरसाल घटत जाणारा कोटा लिहून दिला. १९३३ पासून ब्रिटनचे दूध एकहाती खरेदी करणारे मंडळ होते. ते लगेच मोडावे लागले नाही, १९९४ पर्यंत टिकले. १९९५ साली स्वीडन आणि फिनलंड आत आले, तेव्हाची हकीकत तर अकलूजच्या आकड्यांशी थेट नाते सांगणारी आहे. संघाच्या नियमाप्रमाणे संपूर्ण दूध म्हणजे ३.५ टक्के स्निग्धांशाचे. स्वीडिश घरांत ३ टक्क्यांचे दूध पिण्याचा परिपाठ. अर्ध्या टक्क्याची ही बाब. पण प्रवेशाच्या अटींतच त्या देशांना सवलतीचा काळ दिला गेला, १९९७ च्या डिसेंबरात तो वाढवून दिला गेला, आणि शेवटी २००७ साली संघाने आपलाच नियम सैल केला: पिशवीवर टक्केवारी स्पष्ट लिहा आणि हवे ते दूध विका. नियमाने माणसाकडे जावयाचे की माणसाने नियमाकडे, ह्याचा निवाडा तेथे नियमाविरुद्ध गेला.

पोलंडचे उदाहरण अधिक कठोर आणि म्हणून अधिक उपयोगी. १ मे २००४ रोजी तो देश संघात आला. संघाचा दंडक असा की कच्च्या दुधाच्या एका मिलिलिटरात एक लाखाहून अधिक जंतू आणि चार लाखांहून अधिक कायिक पेशी असू नयेत. दोन-चार गाई बाळगणाऱ्या पोलिश शेतकऱ्याला हे मान गाठणे सोपे नव्हते. त्यासाठी प्रवेशापूर्वीच संघाने पैसा दिला. आणि जे दूधप्रकल्प वेळेत तयार झाले नाहीत, त्यांना २००६ च्या अखेरपर्यंत आपला माल देशातल्या देशात विकण्याची मुभा ठेवली. एवढे करूनही हजारो लहान शेतकऱ्यांनी गाई विकल्या आणि दुधातून अंग काढून घेतले. मुदत मिळाली, पैसा मिळाला, तरी अशी पडझड झाली. ह्यांपैकी काहीच न देता नियम बदलला तर काय होते, हे पाहण्यासाठी मात्र युरोपला जाण्याची आवश्यकता नाही.

ह्यावर आमच्या वाचकांचा एक आक्षेप येईल आणि तो रास्त असेल. दूध आम्ही आमच्या मुलांना पाजतो. त्याची प्रत सैल करा असे तुम्ही सांगता काय? नाही. आमचा आग्रह उलट आहे. २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. त्यांत भेसळीचे निघाले अवघे बारा. भेसळीच्या नावाने आपण एवढी वर्षे जो आरडाओरडा केला, त्याच्या मानाने ही संख्या नगण्य होती. परंतु ३६८ नमुन्यांत ॲफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष मर्यादेहून अधिक सापडले. हे विष कोणी दुधात घालीत नाही. ते पेंडीतून आणि बुरसलेल्या चाऱ्यातून गाईच्या पोटात आणि तेथून दुधात येते. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. युरोपात ती त्याच्या एकदशांश आहे. अमेरिकेच्या दुधाला आपण अशी अट घालतो की, रवंथ करणाऱ्या जनावरांचे मांस-रक्त ज्या गाईला खाऊ घातले असेल तिचे दूध आम्हांस नको. अमेरिकेला तो व्यापारातील अडसर वाटतो. आम्हांस ती अट योग्य वाटते. पण परक्याच्या गाईने काय खाऊ नये ह्याविषयी इतके जागरूक असणाऱ्या राष्ट्राने आपल्या गाईच्या गव्हाणीत बुरशी किती पडते हेही पाहावयास नको काय?

म्हणजे दुधाच्या नियमाचे काम जेथे खरे आहे तेथे, पेंडीच्या पोत्यात, गोठ्याच्या ओट्यावर, धार काढल्यावर दूध थंड होईपर्यंतच्या दोन तासांत, तेथे नियम दुबळा आहे. आणि जेथे पैसा कापता येतो त्या दशांशांत तो तिखट आहे. शहरातील ग्राहकाला त्या कपातीतून काही मिळते असेही नाही. २०२३ ते २०२४ च्या दरम्यान उत्पादकाचा भाव चौतिसावरून सत्ताविसावर आला, तेव्हा आपल्या दारात येणारी पिशवी त्या प्रमाणात स्वस्त झाल्याचे कोणा गृहिणीने पाहिले असल्यास तिने आम्हांस अवश्य कळवावे.

मुंबईत आणि दिल्लीत बसलेल्या राज्यकर्त्यांकडे आमचे मागणे फार मोठे नाही. जे मान केंद्राने कायद्याने ठरविले आहे, त्याच मानावर महाराष्ट्रात भाव बोलला जावा, ३.२/८.३ चे दूध हे पूर्ण भावाचे दूध, आणि त्यावर चढेल त्याला अधिक. कापण्याचा आणि वाढविण्याचा दर सारखा असावा, आणि जानेवारी २०२४ मध्ये जे अनुदानापुरते मान्य केले ते कायमचे मान्य करावे. प्रत मोजणारे यंत्र तराजूच्या कायद्याखाली आणून त्यावर शिक्का बसवावा, आणि उत्पादकाला आपला नमुना त्रयस्थाकडून तपासून घेण्याचा हक्क असावा. चैत्र ते ज्येष्ठ ह्या काळात प्रत उतरणे हा निसर्गाचा भाग आहे असे धरून त्या महिन्यांचा तक्ता निराळा ठेवावा. ज्या नियमांनी पंजाब आणि ओरिसा ह्यांत एके काळी भेद केला, त्यांना पौष आणि वैशाख ह्यांत भेद करणे अवघड जाऊ नये. गावोगावच्या सहकारी संस्थांना दूध थंड करण्याच्या टाक्या द्याव्यात, पेंडीच्या कारखान्यांवर तपासनीस जावेत, आणि त्यानंतर, पाच वर्षांची मुदत जाहीर करून, जंतूंचे आणि विषाचे मान युरोपच्या जवळ न्यावे. हा शेवटचा भाग सर्वांत खर्चाचा आहे आणि सर्वांत लांबणीवर पडेल ह्याची आम्हांस कल्पना आहे.

सहकारी संघांनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. खाजगी प्रकल्प नफ्यासाठी असतात. त्यांनी आपला तक्ता आपल्या सोयीने आखला तर नवल नाही. संघ उत्पादकाच्या मालकीचा. त्याने शेजारच्या खाजगी केंद्राचा तक्ता पाहून आपला तक्ता आखावा, ह्यात सहकाराचे काय उरले? सोलापूर जिल्ह्यातील एकाही संघाने उद्यापासून समान उताराचा तक्ता मराठीत छापून केंद्राच्या दारावर लावला, तर बाकीच्यांना तो लावावाच लागेल. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

व्यापाराच्या वाटाघाटी थांबणाऱ्या नाहीत. आज वगळलेला पदार्थ दहा वर्षांनी पुन्हा मेजावर येतो. समोरचा पक्ष मोटारी, कापड, वैद्यक आणि व्हिसा ह्यांच्या बदल्यात चीजची एक वडी मागतो, आणि ती फार थोडी आहे असे सांगतो. त्या दिवशी आपल्या प्रतिनिधीला नुसते 'नाही' म्हणण्याखेरीज आणखी काही सांगता यावे, ह्यासाठी आपल्या दुधाचे मान, आपले यंत्र आणि आपला तक्ता आधी आपल्याच माणसांना पटलेला असला पाहिजे. तूर्त उन्हाळ्याच्या तोंडावर अकलूजच्या केंद्रावर जो नवा तक्ता लागेल, तो लागण्यापूर्वी राज्याच्या दुग्धविकास खात्याने आणि वैधमापन खात्याने मिळून तेथील यंत्रे तपासावीत आणि त्या तपासणीचा निकाल प्रसिद्ध करावा. आम्ही तो ह्याच पानावर छापू.